बॅटरीची साक्ष

हुगळी नदी कोलकाता शहर मागे टाकून समुद्राच्या वाटेला लागते, त्या वळणावर गार्डन रीच वसले आहे. अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शहा १८५६ साली याच भागातील मटियाब्रुजला येऊन राहिले. पुढे येथे जहाजबांधणीचा मोठा कारखाना वाढला. स्वतंत्र भारतात बांधली गेलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ १९६१ साली येथूनच नौदलाकडे गेली. नदीकाठच्या विस्तीर्ण आवारात दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. ही रेल्वे १ ऑगस्ट १९५५ रोजी अस्तित्वात आली आणि जुन्या बेंगॉल-नागपूर रेल्वेचा वारसा तिच्याकडे आला. नागपूर विभाग २००३ सालापर्यंत याच रेल्वेत होता. तेव्हा विदर्भाकडील मंडळींनी नोकरीच्या निमित्ताने हुगळीकाठी येऊन राहावे, हे ओघानेच आले.

अशाच एका कुटुंबाची आपण कल्पना करू. दुर्गापूजेची सुटी लागताच मंडळी नागपूरला गेली, दिवाळी आणि भाऊबीज आटोपून महिन्याने परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना शाळेत पोहोचवावे म्हणून वडिलांनी मोटारीची किल्ली फिरविली, तर ‘टक्’ एवढाच आवाज! बॅटरी घेऊन पुरते वर्षही झालेले नाही, हमीपत्र कपाटात जपून ठेवलेले आहे. बॅटरी काढून दुकानात नेली. दुकानदाराने ती तपासली आणि सांगितले, “साहेब, बॅटरी निर्दोष आहे. उतरली आहे, भरून देतो. हमीत बदलून मिळणार नाही.”

आता ग्राहकाला काय वाटेल? “हमी तरी कशासाठी देता मग?” असे शब्द तोंडावर येणे साहजिक आहे. आणि त्याच वेळी शेजारी दुसरी एक बॅटरी ठेवलेली आहे असे समजा. तीही गाडी सुरू करीत नाही, तीही वर्षाच्या आतलीच आहे; परंतु ती मात्र बदलून मिळते. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच मुक्या. मग एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा का? हा पक्षपात की विज्ञान? या प्रश्नाचे उत्तर बॅटरी स्वतःच देते. तिची साक्ष कशी काढावी, एवढेच आपण शिकून घ्यावयाचे आहे.

सहा घरांची वस्ती

मोटारीतील बॅटरी शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली अशी पहिली बॅटरी तयार केली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. आपल्या देशात या बॅटऱ्यांचा एक मोठा कारखाना १९४६ साली हुगळीच्याच काठी, कोलकात्याच्या उत्तरेस श्यामनगर येथे उभा राहिला, आणि त्याच कंपनीचा दुसरा कारखाना १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला निघाला.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा स्वतंत्र घरे असतात. त्यांना कारागीर ‘सेल’ म्हणतात. प्रत्येक सेल सुमारे दोन व्होल्ट दाब देतो आणि सहा सेल साखळीसारखे जोडलेले असतात. सेलमधील धन प्लेटांवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड आणि ऋण प्लेटांवर सच्छिद्र शिसे असते, व दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडालेली असतात. बॅटरी वीज देऊ लागली की आम्ल प्लेटांमध्ये शिरते, दोन्हींवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि मागे उरणारा द्रव अधिकाधिक पाण्यासारखा होतो. बॅटरी भरताना हीच क्रिया उलट होऊन आम्ल पुन्हा द्रवात येते.

यातच परीक्षेची गुरुकिल्ली आहे. आम्ल पाण्यापेक्षा जड असल्याने द्रव किती जड आहे हे मोजले, की बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे कळते. त्यासाठी हायड्रोमीटर नावाचे साधे काचेचे उपकरण वापरतात. रबरी फुगा दाबून सेलमधला थोडा द्रव नळीत ओढावा. नळीतील तरंगता काटा द्रवाचे विशिष्ट गुरुत्व दाखवितो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात टोपणे उघडणाऱ्या बॅटरीत पूर्ण भरलेल्या सेलचे विशिष्ट गुरुत्व २७ अंश सेल्सिअसला सुमारे १.२४० असते, आणि पुरती उतरलेल्या सेलचे १.१०० च्या आसपास येते. थंड देशांत आम्ल याहून तीव्र ठेवतात. म्हणून परदेशी पुस्तकातील आकडे इकडे जसेच्या तसे लावू नयेत. हवा तापलेली असल्यास दर दहा अंशांमागे वाचनात ०.००७ मिळवावे. ३७ अंशांना १.२२५ दिसले तर खरे मूल्य १.२३२ धरावे.

दोन बॅटऱ्यांची जबानी

आता आपल्या दोन बॅटऱ्यांकडे परत येऊ. पहिलीच्या सहाही सेलांचे वाचन १.१४५ ते १.१५५ च्या दरम्यान आले आणि व्होल्टमीटरने ११.९ व्होल्ट दाखविले. दुसरीच्या पाच सेलांचे वाचन १.२३५ ते १.२४० आले, तिसऱ्या सेलचे मात्र १.१२०. तिचा दाब १२.३ व्होल्ट निघाला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. केवळ व्होल्टमीटरवर विश्वास ठेवला असता तर दुसरी बॅटरी पहिलीपेक्षा चांगली ठरली असती! परंतु हायड्रोमीटर वेगळे सांगतो. पहिलीत सहाही भावंडे सारखीच उपाशी आहेत; त्यांना अन्न मिळाले नाही, एवढाच त्यांचा दोष. दुसरीत पाच भावंडे धडधाकट असून एकच आजारी आहे. सर्वांना सारखेच अन्न मिळत असताना एकच खंगतो, तेव्हा रोग त्याच्या अंगात आहे असे समजावे. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमध्ये ०.०५० किंवा अधिक फरक पडला, तर त्या खालच्या सेलमध्ये आतून जोड लागला असावा किंवा प्लेट बिघडली असावी, असा संशय घेण्याची कारागिरांची रीत आहे.

संशय म्हणजे निकाल नव्हे. म्हणून दुसरी पायरी बॅटरी भरण्याची. सावकाश भरावयाची झाल्यास क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह ठेवावा. म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन ॲम्पिअर. दहा-बारा तासांनी पहिल्या बॅटरीचे सहाही सेल १.२४० ला येऊन ठेपतात. दुसरीच्या पाच सेलांत बुडबुडे उठतात, पण तिसरा सेल थंडच राहतो आणि त्याचे गुरुत्व हलत नाही.

तिसरी पायरी भाराची. भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून तिच्यावर मोठा प्रवाह पंधरा सेकंद ओढतात. हा प्रवाह तिच्या थंड-प्रारंभ क्षमतेच्या निम्मा असतो. निरोगी बॅटरीचा दाब या वेळी साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. पहिली ही परीक्षा सहज उतरते. दुसरीचा काटा घसरतो. आता निकाल झाला. पहिली उपाशी होती, दुसरी जन्मतःच अधू होती. हमी बनावटीतील दोषाची असते, उपासमारीची नसते. दुकानदाराने पहिली बदलून दिली नाही, यात त्याने अन्याय केला नाही. मात्र तपासणी न करता, नुसते पाहून “उतरली आहे” असे म्हटले असते, तर तो अन्याय ठरला असता.

आता पुष्कळ बॅटऱ्या वरून बंद असतात. त्यांची टोपणे उघडत नाहीत. त्यांच्यावर हिरवा-काळा रंग दाखविणारा एक लहान डोळा असतो. हा डोळा सहांपैकी एकाच सेलची खबर देतो, हे लक्षात ठेवावे. बाकीच्या पाचांबद्दल तो मुका असतो. अशा बॅटरीसाठी दुकानांत विजेवर चालणारे परीक्षक यंत्र वापरतात व ते कागदाची पट्टीही छापून देते. परंतु उतरलेल्या बॅटरीवर या यंत्राचा निकाल भरवशाचा नसतो. आधी भरावी, मग तपासावी. पूर्ण भरून रात्रभर ठेवल्यावरही बंद बॅटरी साडेदहा व्होल्टच्या जवळपासच राहत असेल, तर एक सेल गेला असे बहुधा समजावे.

उपास घडविला कोणी?

पहिली बॅटरी निर्दोष ठरली, तरी कुटुंबाचा प्रश्न उरतोच. बंद गाडीतील वीज गेली कोठे? आजच्या मोटारीत घड्याळ, धोक्याची घंटा, रेडिओची स्मृती अशी बारीकसारीक साधने गाडी बंद असतानाही थोडी वीज पीत असतात. हा प्रवाह ५० मिलिॲम्पिअर धरला तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात, आणि तीस दिवसांत ३६. बॅटरी आहे ३५ ची! त्यात उष्ण हवेत बॅटरी आपोआपही उतरत असते. पूजेची सुटी संपेतो ती रिकामी झाली, यात नवल ते काय? महिनाभर गावी जाताना बॅटरीची ऋण बाजू सोडवून ठेवली असती, तर ही सकाळ आलीच नसती. सोडविण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काही गाड्यांत रेडिओचा संकेतांक पुन्हा द्यावा लागतो.

बॅटरी अशी उतरलेल्या स्थितीत दीर्घकाळ पडून राहिली, तर प्लेटांवरील सल्फेट कठीण होत जाते व पुढे ते विरघळत नाही. मग सहाही सेल सारखेच खाली राहतात आणि भरूनही वर येत नाहीत. ही हानी कायमची असते आणि बहुतेक हमीपत्रे ती मान्य करीत नाहीत. म्हणून उतरलेली बॅटरी लगेच भरून घ्यावी.

लहान फेऱ्यांनीही उपास घडतो. गार्डन रीचहून खिदिरपूरपर्यंत गर्दीतून सरपटत जावयाचे, पावसाळ्यात दिवे, पुसण्या आणि पंखा एकदम लावावयाचा, आणि पाच-दहा मिनिटांत गाडी बंद करावयाची, अशा रीतीत बॅटरीचा खर्च जमेपेक्षा वाढतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. जुन्या अनेक मोटारींना हँडल मारून चालू करता येत असे. आताच्या गाड्यांत ती सोय नाही, हेही विसरू नये.

कधी दोष बॅटरीत नसून गाडीत असतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. त्याहून फारच कमी असल्यास बॅटरी पुरती भरतच नाही. पंधराच्या वर गेल्यास आम्ल उकळल्यासारखे होऊन पाणी उडून जाते, प्लेटांचा लगदा झडतो व द्रव गढूळ दिसू लागतो. अशा गाडीत एकामागून एक तीन नव्या बॅटऱ्या बसविल्या तरी तिन्ही बिघडतील. तेव्हा नवी बॅटरी घेताना गाडीचा हा दाब मोजून द्या, असे दुकानदारास अवश्य सांगावे.

घरची निगा

निगा फार अवघड नाही. टोपणे उघडणाऱ्या बॅटरीत महिन्यातून एकदा पातळी पाहावी आणि कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावे. गार्डन रीचलाच हुगळीचे पाणी शुद्ध करून शहराला पुरविणारे मोठे केंद्र आहे. ते पाणी पिण्यास योग्य केलेले असते, परंतु त्यात विरघळलेले क्षार आणि क्लोरिन राहतातच. माणसाला चालणारे पाणी प्लेटांना चालत नाही. आम्ल तर घरी कधीच घालू नये. सेलमधून उडून जाते ते पाणी. आम्ल आतच असते. वरून आम्ल ओतल्याने हायड्रोमीटरचा आकडा फसवा चढतो, प्लेटा खराब होतात आणि तपासणीत ही गोष्ट उघड होऊन हमीचा हक्कही जातो.

नदीकाठच्या दमट हवेत टोकांवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातब्रशाने तो घासावा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. कोरडे करून टोके घट्ट आवळावीत व वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. ढिल्या टोकामुळेही गाडी सुरू होत नाही आणि विनाकारण बॅटरीवर आळ येतो. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी सोडावे व जोडताना ते शेवटी जोडावे. हातातील अंगठी-बांगडी काढून ठेवावी. भरत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेटतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे, जवळ उदबत्तीसुद्धा नसावी. डोळ्यांत वा अंगावर आम्ल उडाल्यास निदान पंधरा मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे आणि डोळ्यांसाठी तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

रेल्वेच्या डब्यांखालीही अशाच शिशाच्या बॅटऱ्या असतात, आणि त्यांचे दाब व विशिष्ट गुरुत्व ठरावीक मुदतीने मोजून नोंदविण्याची शिस्त तेथे आहे. घरच्या एका बॅटरीसाठी वहीचे एक पान पुरेसे आहे. दर तीन महिन्यांनी तारीख, दाब, सहा सेलांचे आकडे आणि घातलेले पाणी एवढे लिहावे. घरातील मुले हे काम आवडीने करतात. वडीलधाऱ्यांनी जवळ उभे राहून त्यांना डोळ्यांवर चष्मा घालावयास लावावा, एवढेच.

हमी आणि हक्क

हमीपत्र घेताना त्यातील दोन भाग वेगळे ओळखावेत. पहिल्या काही महिन्यांत दोष निघाल्यास बॅटरी विनामूल्य बदलून मिळते. त्यानंतरच्या मुदतीत नव्या बॅटरीच्या किमतीत केवळ सूट मिळते आणि ती दिवसागणिक घटत जाते. “चार वर्षांची हमी” असे ऐकून चारही वर्षे फुकट बदली मिळेल अशी समजूत करून घेतल्याने पुष्कळ तंटे उद्भवतात. बदलून आलेल्या बॅटरीला बहुधा मूळ हमीची उरलेली मुदतच मिळते. भाड्याने चालणाऱ्या गाडीसाठी अटी निराळ्या असू शकतात. खरेदीच्या दिवशीच पत्रावर तारीख, बॅटरीचा क्रमांक आणि दुकानाचा शिक्का घ्यावा, बिल त्यालाच टाचून ठेवावे. बॅटरी कोणत्या महिन्यात तयार झाली तेही विचारावे. बरेच दिवस दुकानात पडून राहिलेली बॅटरी पुन्हा भरून घेतल्याशिवाय स्वीकारू नये.

दावा करावयाचा झाल्यास बॅटरी दुकानात ठेवताना पावती घ्यावी. आधी भरली काय, प्रत्येक सेलचे वाचन काय आले, भाराच्या परीक्षेत दाब किती राहिला, हे तीन प्रश्न विनयाने विचारावेत व उत्तरे लेखी मागावीत. आपल्या वहीचे पान पुढे ठेवावे. दावा नाकारला तर कारणही लेखी मागावे. प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याचे निम्मे काम ग्राहकाने केलेले असते.

इतके करूनही समाधान न झाल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलावे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे बॅटरी नागपूरला घेतली आणि बिऱ्हाड गार्डन रीचला असले, तरी तक्रारीसाठी नागपूरला जाण्याचे कारण नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क पडत नाही.

बदलून मिळो वा न मिळो, जुनी बॅटरी दुकानदाराकडेच परत द्यावी. भंगारवाल्याने ती गल्लीत फोडली, तर शिसे आणि आम्ल मातीत उतरतात. शिशाची धूळ आणि धूर मुलांच्या मेंदूच्या वाढीला फार घातक असतात. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची व्यवस्था २००१ च्या नियमांनी घालून दिली आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवरील जबाबदारी आणखी वाढविली. त्या जुन्या शिशापासूनच नव्या बॅटरीच्या प्लेटा होतात.

आपल्या कल्पनेतील कुटुंबाची बॅटरी एका रात्रीत भरून परत आली. हमीपत्र पुन्हा कपाटात गेले आणि त्याच्या शेजारी एक वही आली. पुढल्या पूजेच्या सुटीत नागपूरला निघण्यापूर्वी घरातील कोणीतरी हातात पाना घेऊन मोटारीचे झाकण उघडील, ऋण टोक सोडवील, आणि वहीत तारीख लिहील. दहा मिनिटांचे काम. परंतु पुन्हा दुकानात जाण्याची वेळ आलीच, तर त्यांच्या बाजूने बोलावयास हातात पुरावा असेल. आधी मोजावे, मग मागावे. मोजून मागितलेला हक्क सहसा वाया जात नाही.